अंथरुणापासून दारापर्यंत: हालचाल कमी असलेल्यांसाठी घरातल्या आगीची तयारी

अर्धांगवायू, मणक्याची दुखापत, खुब्याचं ऑपरेशन किंवा वयाने गेलेले गुडघे, कारण काहीही असो. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिले महिने औषधं, फिजिओथेरपी आणि संडास-बाथरूमची सोय यातच जातात. आगीचा विचार येतो तो रात्री, सगळे झोपल्यावर. गॅस बंद केला होता ना? आणि आग लागलीच तर मी उठणार कसा? घरातले लोक ‘काही होत नाही’ म्हणून हा विषय उडवून लावतात, ते बरोबर नाही. पण त्या भीतीपोटी पहिली खरेदी म्हणून आग विझवण्याचा लाल सिलिंडर आणणं हाही उलटा क्रम झाला. ज्याला बाहेर पडायला वेळ लागतो, त्याने आधी हाताशी असलेला वेळ वाढवायचा. आग लवकर कळली पाहिजे, दार आतून उघडलं पाहिजे आणि मदतीला कोण येणार हे आधी ठरलेलं पाहिजे. विझवण्याचं सामान त्यानंतर.

आधी घड्याळ लावून मोजा

अंथरुणातून निघून घराबाहेर मोकळ्या जागेत पोहोचायला किती वेळ लागतो, हे मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. एकदा दिवसा, एकदा रात्री दिवे बंद करून. फोम, नायलॉन, प्लायवूड असलेल्या खोलीत पेट घेतल्यापासून दोन-तीन मिनिटांत धुरामुळे थांबणं अशक्य होऊ शकतं. तुमचा आकडा त्याच्या पुढे असेल तर घाबरू नका, वेळ कुठे जातो ते लिहून काढा. बहुतेक वेळ चालण्यात जात नाही. व्हीलचेअर पलंगाच्या चुकीच्या बाजूला असते, ब्रेस बांधायचा असतो, चप्पल सापडत नाही, उंबरा आडवा येतो, किल्ली खिळ्यावर उंच टांगलेली असते.

उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर बसवून घ्या. उंचीच्या बारा पट लांबी असं माप धरा. उंबरा ५ सेंटिमीटरचा असेल तर उतार ६० सेंटिमीटरचा. याहून खडा उतार केला की खुर्ची मागे कलंडते, किंवा हात थकून मधेच अडकते. रात्री खुर्ची पलंगाला लागून, ब्रेक लावून, तोंड दाराकडे करून ठेवायची. वॉकर किंवा काठी असेल तर ती भिंतीला टेकवू नका. अंधारात पडली की शोधण्यातच वेळ जातो. पलंगाला हूक लावा. त्याच हुकाला एका पिशवीत बॅटरी, शिट्टी, किल्ली आणि चार्ज केलेला मोबाइल. शिट्टी अशासाठी की धुरात ओरडायला श्वास पुरत नाही.

दार: याबाबतीत तडजोड नको

मुलगा एमआयडीसीत पाळीवर, सून शेतात आणि म्हातारं माणूस आत, बाहेरून कुलूप. सातारा-सांगलीकडे हे सर्रास चालतं. हेतू चांगला असतो: चोरी होऊ नये, कोणी घुसू नये. पण आत चालता न येणारं माणूस असताना बाहेरून कुलूप घालणं हा घरातल्या सगळ्या धोक्यांतला सर्वांत मोठा धोका आहे. बाकी सगळी तयारी त्यापुढे फुकट जाते.

उपाय महागडा नाही. बाहेरून किल्लीने आणि आतून नुसत्या खटक्याने उघडणारं लॅच बसवून घ्या. आतल्या बाजूला गोल मुठीऐवजी आडवा दांडा असलेलं हँडल घ्या. हातात ताकद नसली तरी ते कोपराने दाबता येतं. दाराच्या वरच्या टोकाची कडी काढून ती जमिनीपासून ९० सेंटिमीटर ते १ मीटर उंचीवर आणा. दुसरी किल्ली शेजारी द्या, किंवा दाराबाहेर आकड्यांवर उघडणारी छोटी पेटी बसवून तिच्यात ठेवा. स्मृतिभ्रंशामुळे माणूस बाहेर निघून जातो म्हणून कुलूप लावलं जात असेल, तर दार उघडल्यावर वाजणारी बेल लावा, आणि अशा माणसाला घरात एकटं ठेवू नका.

साताऱ्याच्या जुन्या पेठांतल्या वाड्यांत प्रश्न वेगळा असतो. दिंडी दरवाजाला रात्री अडसर लागतो, आणि कुबडीवरच्या माणसाला तो उचलत नाही. सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून तिथे आतून सहज फिरणारी कडी बसवावी. वाड्यात लाकडी तुळया आणि माळवद असल्याने आग वरून पसरते, म्हणून चालता न येणाऱ्याची खोली माडीवर नको. तळमजल्यावर, दाराजवळची खोली द्या, मग ती बैठकीची का असेना.

खिडक्यांना पक्क्या जाळ्या असतील तर एका खिडकीची जाळी बिजागरीवर उघडणारी करून घ्या, खटका आतून आणि बसूनही हात पोहोचेल असा.

धूर आधी कळण्यासाठी

झोपलेल्या माणसाला धुराचा वास उठवेलच असं नाही. उलट धुरातल्या वायूंनी गुंगी वाढते. म्हणून बॅटरीवर चालणारा, फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशाच्या किरणाने धूर ओळखणाऱ्या) प्रकारचा स्मोक अलार्म झोपण्याच्या खोलीत आणि बाहेरच्या बोळात किंवा बैठकीत, असे किमान दोन घ्या. एक वाजला की दोन्ही वाजतात असे जोडलेले मिळाले तर उत्तम. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर विझवण्याच्या सिलिंडरऐवजी हा घ्या.

जागा: छताच्या मध्याजवळ. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यापासून निदान १० सेंटिमीटर दूर, कारण त्या कोपऱ्यात हवा अडते आणि धूर उशिरा पोहोचतो. कौलारू किंवा उतरत्या पत्र्याच्या घरात आढ्याच्या टोकापासून १० सेंटिमीटर खाली, पण ९० सेंटिमीटरच्या आत. पंख्याच्या शेजारी नको. स्वयंपाकघरात तर नकोच. फोडणीला वाजतो, मग कोणीतरी वैतागून बॅटरी काढतं आणि ती परत बसत नाही. देवघराच्या वरही हीच गत. घरात चूल असेल तर अलार्म चुलीच्या खोलीत लावण्याला अर्थ नाही, झोपायच्या खोलीत लावा.

महिन्यातून एकदा काठीच्या टोकाने बटण दाबून तपासा. बॅटरी वर्षाला बदला. दिवाळीच्या साफसफाईला बदलायची असं ठरवलं की लक्षात राहतं. अधूनमधून बारीक ‘चिक’ आवाज येऊ लागला तर बॅटरी संपत आली आहे. दहा वर्षांनी अख्खा अलार्म बदलायचा, आतला सेन्सर जुना होतो.

गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो आणि त्याची जागा उलटी. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली बसतो. म्हणून तो जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर, सिलिंडरच्या खोलीत. तो विजेवर चालणारा असेल तर लाइट गेल्यावर बंद पडतो, त्यामुळे इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घ्या.

स्वयंपाकघर आणि गॅस

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, आणि लोखंडासह वजन ३० किलोच्या आसपास जातं. बसून किंवा एका हाताने तो हलवायचा प्रयत्नच करू नका. जोडणी घरपोच आणणाऱ्याकडूनच करून घ्या. फायबरचा हलका कंपोझिट सिलिंडर आपल्या एजन्सीकडे मिळतो का ते विचारा. टाकी घेताना वरच्या पट्टीवरचं, तपासणीची मुदत सांगणारं अक्षर पाहा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. ती मुदत उलटून गेली असेल तर टाकी परत करा.

नारिंगी सुरक्षा ट्यूबवर आयएसआय खूण आणि तारीख असते. पाच वर्षांनी ती बदलायची, तडा दिसला तर लगेच. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंच, सिलिंडर उभा. ओट्याखालच्या बंद कपाटात सिलिंडर असेल तर कपाटाला जमिनीलगत भोकं हवीत.

व्हीलचेअरवरून रेग्युलेटरपर्यंत हात पोहोचत नाही, हीच खरी अडचण. त्यामुळे बहुतेक जण शेगडीची बटणं बंद करून समाधान मानतात. एजन्सीच्या माणसाकडून तांब्याची पाइप टाकून ओट्याच्या उंचीवर, बसून हात पोहोचेल असा बंद करायचा कॉक बसवून घ्या. गावातल्या कोणाही मेकॅनिककडून हे काम नको. तोपर्यंत रात्री रेग्युलेटर बंद करणं हे एका ठरलेल्या माणसाचं काम. बंद केलं की त्याने ते तुम्हाला सांगायचं. रात्री पुन्हापुन्हा मनात येणारी शंका याने बरीच शांत होते. एकदा तपासलं, ऐकलं, संपलं.

बसून स्वयंपाक करताना भाजण्याचं मुख्य कारण म्हणजे मागच्या बर्नरकडे हात नेताना पुढच्या ज्योतीवरून जाणारी बाही किंवा पदर. मागचा बर्नर वापरूच नका. नायलॉनचा गाऊन टाळा, सुती आणि अरुंद बाहीचा घाला. गरम भांडं मांडीवर ठेवून नेऊ नका. मणक्याच्या दुखापतीत किंवा मधुमेहात पायाला संवेदना नसू शकते, मग चटका कळत नाही आणि जखम खोल जाते. चाकांची ट्रॉली ठेवा.

इंडक्शन शेगडी हा चांगला पर्याय आहे, पेसमेकर असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून. लक्षात ठेवायची गोष्ट: २००० वॅटची शेगडी सुमारे ९ अँपिअर घेते. साधं लहान सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे १४०० वॅटच्याही आतलं. इंडक्शन, गिझर, हीटर यांना १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्या मापाची वायर लागते. वर अडॅप्टर लावून लहान सॉकेटमध्ये घुसवलं की प्लग आतून वितळू लागतो.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही; पाणी तळाला जाऊन एकदम वाफ होतं आणि पेटतं तेल अंगावर उडतं. गॅस बंद, कढईवर सपाट झाकण सरकवायचं, आणि निदान पंधरा-वीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. तळण करताना कढईच्या मापाचं झाकण हाताशी काढून ठेवा. ते फडताळात असेल तर असून नसल्यासारखं.

आता विझवण्याचा सिलिंडर. एबीसी पावडरचा, आयएस १५६८३ खुणेचा घ्या. २ किलोचा प्रत्यक्षात साडेतीन-चार किलो भरतो, म्हणून बसून वापरायचा असेल तर १ किलोचा बरा. पावडर दहा-बारा सेकंदांत संपते, त्यामुळे कचऱ्याच्या डब्याएवढ्या आगीपुरताच त्याचा उपयोग. तो दाराजवळ टांगा, बसून पोहोचेल अशा उंचीवर. शेगडीच्या मागे टांगला तर आगीच्या पलीकडे राहतो. वापरताना खुर्चीचे ब्रेक लावा, दार पाठीशी ठेवा, दोनेक मीटरवरून पिन काढा, नळी ज्योतीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा आणि डावीकडून उजवीकडे फिरवा. एका सिलिंडरमध्ये विझली नाही तर बाहेर.

वीज

सांगली-मिरजेत ज्या घरांत २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी बोर्डांपर्यंत चढलं होतं, तिथे वायरिंगची इन्सुलेशन चाचणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. वरून वाळलेली पट्टी आतून गंजलेली असते, जोड सैल होतो आणि तिथेच ठिणगी पडते. जुन्या घरात चिनीमातीच्या फ्यूजला जाड तार गुंडाळलेली असेल तर तो फ्यूज निकामी समजा. एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा; आरसीसीबीवरचं चाचणीचं बटण तीन महिन्यांतून एकदा दाबा.

बोर्ड गरम लागणं, जळका वास, दिवा लुकलुकणं यांपैकी काहीही दिसलं तर मेन स्विच बंद. खांबावरून येणाऱ्या तारेत दोष असेल तर महावितरणचा १९१२. पाण्यात टाकायचा रॉड, मग तो प्लास्टिकच्या बादलीत असो वा लोखंडी, हालचाल कमी असलेल्या घरातून हद्दपार करा.

विजेवरची व्हीलचेअर किंवा स्कूटर बाहेर जायच्या वाटेवर चार्ज करू नका, कारण बॅटरी पेटली तर वाटच बंद. मूळ चार्जर, दिवसा, कोणी जागं असताना. वर पांघरूण नको. इन्व्हर्टरची बॅटरीही झोपायच्या खोलीत नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

पलंग, ऑक्सिजन, धूप आणि विडी

घरी ऑक्सिजन चालू असेल तर त्या खोलीत ज्योत, उदबत्ती, विडी काहीच नाही, आणि गॅस किंवा समई निदान ३ मीटर दूर. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण उशी, चादर, केस त्याने भरलेले असतात आणि एका ठिणगीत भडकतात. नळी नाकातून काढून मशीन चालूच ठेवून अंथरुणावर टाकायची सवय मोडा. कॉन्सन्ट्रेटरला (हवेतून ऑक्सिजन देणाऱ्या मशीनला) स्वतंत्र सॉकेट द्या, एक्स्टेंशन बोर्ड नको.

बेडसोअर होऊ नये म्हणून व्हॅसलीन किंवा पॅराफिनचं मलम नेहमी लावत असाल तर ते चादरीत मुरतं आणि वाळल्यावर कापड फार लवकर पेट घेतं. चादरी वारंवार गरम पाण्यात धुवा, तरी अंश उरतोच हे धरून चाला. हवेच्या गादीला आग लागली तर तिचा पंप हवा पुरवत राहतो, म्हणून पंपाचा स्विच हाताशी हवा.

अंथरुणात विडी-सिगारेट नाही, याला अपवाद नाही. डासांची कॉइल वाळू घातलेल्या पत्र्याच्या ताटलीत, मच्छरदाणी आणि पडद्यापासून मीटरभर लांब. देवापुढे दिवा लावू नका असं कोणी सांगून कोणी ऐकणार नाही, आणि सांगण्याची गरजही नाही. निरांजन काठाच्या पितळी ताटात ठेवा, काच लावा आणि झोपण्याआधी शांत करा. थंडीत शेगडीत कोळसे घालून बंद खोलीत झोपणं मात्र जीवघेणं आहे. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. न्हाणीघरातला पाणी तापवायचा बंब किंवा गॅस गिझर बंद हवेत चालू असेल तर तोच धोका.

शेजारी आणि आगीचा बंब

दोन माणसं ठरवा, एक दिवसा घरी असणारं, एक रात्री. दोघांना किल्ली कुठे आहे, तुम्ही कोणत्या खोलीत असता आणि कसं उचलायचं हे दाखवून ठेवा. उचलायचा सराव आधी न केलेला माणूस घाईत काखेत हात घालून ओढतो आणि खांदा निखळतो. सपाट जमिनीवर एकट्याने न्यायचं तर माणूस वाकळीवर किंवा जाड चादरीवर घेऊन डोक्याकडून ओढत न्या. डोकं जरा उचललेलं ठेवा. पायऱ्या उतरायला साध्या व्हीलचेअरला दोघं तरी लागतात. ताकदवान माणूस मागे हँडलला, खुर्ची मागे कललेली, दुसरा पुढून फ्रेम धरून. फुटरेस्ट आणि हातटेकू धरू नका, ते निघून हातात येतात. विजेची खुर्ची तशीच सोडा, तिचं वजन जिन्यात पेलत नाही.

आगीसाठी १०१ किंवा ११२, रुग्णवाहिकेला १०८, गॅसगळतीला १९०६. याशिवाय सातारा नगरपरिषद किंवा सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर स्वतः जाऊन लिहून आणा. ऊस पट्ट्यातल्या गावात जवळच्या साखर कारखान्याकडे बंब आहे का तेही विचारून ठेवा. खटाव-माण किंवा जत-आटपाडीकडच्या वाडीवस्तीवर बंब पोहोचायला वेळ लागणार हे गृहीत धरा. तिथे कडब्याची गंजी घराला लागून नको, आणि शेजारच्या रानात पाचट पेटवणार असतील तर आधी निरोप मिळाला पाहिजे. फोनशेजारी कागद चिकटवा: पत्ता, ओळखीची खूण, ‘चालता न येणारी व्यक्ती आत आहे’, मजला, खोली, ऑक्सिजन आहे का. बोळात बंब शिरत नसेल तर तो कुठे उभा राहील तेही लिहा.

प्रत्यक्ष आग लागली तर

निघता येत असेल तर निघा, सामान नाही. वाटेतली दारं मागे ओढून घ्या, बंद दार धूर अडवतं. दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने तपासा, गरम असेल तर उघडू नका. खुर्चीतून रांगता येत नाही, म्हणून धुरात पुढे वाकून, तोंडावर ओलं कापड. निघणं शक्यच नसेल आणि घर आरसीसीचं असेल तर बंद दाराच्या खोलीत, फटीत ओली चादर कोंबून, खिडकीशी या. ११२ ला फोन करून खोली सांगा, बॅटरी हलवा, शिट्टी वाजवा. लाकडी वाड्यात किंवा पत्र्याच्या घरात मात्र थांबण्यावर भिस्त ठेवू नका. म्हणूनच तळमजला आणि दाराजवळची खोली यांचा आग्रह. अपार्टमेंटमध्ये लिफ्ट वापरू नका. उंच इमारत असेल तर अग्निसुरक्षेचं ब प्रपत्र (आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) जानेवारी आणि जुलैत भरलं जातं का, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा.

गॅसचा वास आला तर विजेचं कोणतंही बटण चालू नाही आणि बंदही नाही, दोन्हीत ठिणगी पडते. रेग्युलेटर किंवा कॉक हाताशी असेल तर बंद करा, जाता जाता दार-खिडकी उघडा, आणि फोन बाहेर गेल्यावर.

अंगावरचे कपडे पेटले तर ब्रेक लावून जाड सुती किंवा लोकरी पांघरुणाने मानेकडून खाली झाका, खाली उतरवता आलं तर लोळवा. भाजलेल्या जागी २० मिनिटं साधं वाहतं पाणी. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ काहीही नाही. जिथे संवेदना नाही ते भाग आरशाने तपासा.

खर्चाचं काय

उतार, दाराची दुरुस्ती, अलार्म यांसाठी ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महापालिकेकडे विचारायला जागा आहे. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. अर्जासोबत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), आधार, बँक पासबुकची प्रत, आणि गवंडी-सुताराचं अंदाजपत्रक जोडा. नुसतं ‘मदत मिळावी’ असं लिहू नका. ‘मुख्य दाराला ६० सेंटिमीटरचा उतार, एक लॅच, दोन धुराचे अलार्म’ असं नेमकं लिहा, पोच घ्या, आणि गावात असाल तर ग्रामसभेच्या आधी द्या.